विश्वासाखेरीज दुसरी अट नाही

आमच्याकडे एका मंडळीतून, म्हणजे चर्चमधून, दुसऱ्या मंडळीत जायचं तर दाखला लागतो. लग्न होऊन मिरजेहून पुण्याला गेलेली मुलगी असो की बदलीवर सोलापूरला गेलेला शिक्षक, आधीच्या पाळकसाहेबांच्या सहीचं पत्र हातात असल्याशिवाय नव्या मंडळीच्या रजिस्टरात नाव चढत नाही. न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर शहरात मला नर्सची नोकरी लागली, आम्ही तिथं स्थिरावलो आणि घराजवळच्या प्रेस्बिटेरियन या प्रॉटेस्टंट पंथाच्या मंडळीत उपासनेला जायला लागलो. तेव्हा मीही रीतीप्रमाणे गावाकडं दाखला मागितला. तो आला नाही. आधी 'कमिटी बसली की देतो' असं उत्तर मिळालं, मग 'ती मंडळी कसली आहे ते अगोदर कळवा'. इथल्या दारावर इंद्रधनुष्याच्या रंगांचा, म्हणजे समलिंगी माणसांचंही इथं स्वागत आहे असं सांगणारा, झेंडा असतो, त्याचा फोटो कुणीतरी तिथवर पोचवला होता.

मी हे इथल्या पाळकबाईंना सांगितलं. त्यांनी चहा केला आणि सभासद होण्याचे तीन मार्ग समजावून दिले. एक, दाखल्यावर. दुसरा, पहिल्यांदाच ख्रिस्तावरचा विश्वास जाहीर करून, बाप्तिस्मा झालेला नसेल तर तो घेऊन. तिसरा, ज्याचा बाप्तिस्मा झालेला आहे पण कागद हातात नाही अशा माणसानं आपल्या विश्वासाचा पुन्हा उच्चार करून. "तुमचा बाप्तिस्मा झालेला आहे, तो पुन्हा द्यायचा नसतो. देवानं जे केलं ते कागदावाचून अडत नाही," त्या म्हणाल्या. मग त्यांनी संप्रदायाच्या नियमग्रंथातलं एक कलम वाचायला दिलं. ख्रिस्तावरच्या विश्वासाशी ज्याचा संबंध नाही अशा कोणत्याही कारणावरून कुणालाही सभासदत्व नाकारता येणार नाही, असं त्यात स्वच्छ लिहिलं आहे. पुढचं वाक्य आणखी कडक आहे: लोकांना असं दूर ठेवणं म्हणजे खुद्द ख्रिस्तालाच नाकारणं. मी ते दोनदा वाचलं. पुढाऱ्याच्या भाषणात अशी वाक्यं पुष्कळ ऐकली होती, नियमाच्या पुस्तकात पहिल्यांदाच पाहिली.

हा संप्रदाय मला परका नव्हता. आमचं मूळ गाव कोडोलीच्या बाजूचं. रॉयल गूल्ड वाइल्डर हे मिशनरी १८५२ साली अहमदनगरहून कोल्हापुरात आले, आणि १८७० मध्ये त्यांचं काम अमेरिकेतल्या प्रेस्बिटेरियन चर्चच्या मिशन बोर्डाकडं गेलं. कोल्हापूर, सांगली, मिरज, कोडोली, रत्नागिरी असा तो सगळा पसारा. मिरजेत डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी उभं केलेलं हॉस्पिटल याच मिशनचं. मी नर्सिंग मिरजेलाच शिकले. १९७० साली नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं आणि आमच्याकडच्या मंडळ्यांवरची पाटी बदलली. पण ज्या चर्चनं माझ्या पणजोबांपर्यंत माणूस धाडला, त्याचाच आजचा वारस म्हणजे १९८३ च्या एकीकरणातून झालेलं हे अमेरिकेतलं प्रेस्बिटेरियन चर्च. त्याच घराच्या थोरल्या दारातून मी आत येत होते.

तरी मनात शंका होत्या, आणि त्या मी लपवल्या नाहीत. आमच्या पाळक स्त्री आहेत, याचं मला काही वाटलं नाही. त्यांची पत्नी शाळेत शिकवते, हे मात्र पहिल्या काही रविवारी डोक्यात घोळत राहिलं. लहानपणापासून कानावर पडलेली वचनं होती. माझं मत कुठल्याच बाजूनं ठरलेलं नव्हतं.

नव्या लोकांसाठी उपासनेनंतर तळघरातल्या खोलीत वर्ग असायचा. तिथं आम्ही फारच वेगवेगळे होतो. एक निवृत्त बसचालक, कॅथलिक घरात वाढलेली एक मुलगी, संसाराला बरीच वर्षं झालेले दोन पुरुष आणि त्यांचा दत्तक घेतलेला मुलगा, आणि मी. मला वाटलं होतं की इथं 'सगळ्यांना प्रेमानं वागवू या' एवढंच सांगतील आणि सोडून देतील. तसं झालं नाही. पहिल्याच दिवशी आमच्यापुढं मतांगीकारांचा, म्हणजे श्रद्धेच्या जाहीर निवेदनांचा, जाडजूड ग्रंथ आला. नायसियाचा आणि प्रेषितांचा मतांगीकार, १५६० चा स्कॉट्स मतांगीकार, १५६३ ची हायडेलबर्ग प्रश्नोत्तरी, वेस्टमिन्स्टरचे दस्तऐवज, हिटलरच्या काळात जर्मनीत १९३४ मध्ये निघालेली बार्मेनची घोषणा, १९६७ चा मतांगीकार. सगळे एकाच बांधणीत, शेजारी शेजारी. एकच मतांगीकार कायमचा पुरेसा आहे असं हे लोक मानत नाहीत. प्रत्येक पिढीला तिच्या संकटात ख्रिस्ताला प्रभू म्हणावं लागतं, आणि ते म्हणताना कशाला नाही म्हणायचं तेही ठरवावं लागतं, असा त्यामागचा विचार.

या मंडळीची श्रद्धा सांगायची तर सुरुवात कृपेपासून होते. आपल्या लायकीवर देव आपल्याला घेत नाही. तो आधी घेतो, मग आपण कृतज्ञतेनं वागायला शिकतो. तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देतात तो याच कारणानं. दुसरी गोष्ट सद्सद्विवेकाची: त्याचा धनी एकटा देव, हे वेस्टमिन्स्टरच्या मतांगीकारातच आहे आणि अमेरिकेतल्या प्रेस्बिटेरियनांनी १७८८ मध्ये ते आपल्या मूलतत्त्वांत पहिलं घातलं. तिसरी गोष्ट पवित्र शास्त्राची. शास्त्र हे ख्रिस्ताविषयीची अद्वितीय साक्ष, त्याला तोड नाही. पण ते माणसांच्या शब्दांत, त्यांच्या काळाच्या आणि देशाच्या रीतीत दिलेलं आहे, म्हणून ते अभ्यास करून वाचायचं, असं १९६७ चा मतांगीकार सांगतो.

हे वाचणं कसं असतं ते एका रविवारी कळलं. वडील मंडळातल्या, म्हणजे मंडळीनं निवडलेल्या कारभाऱ्यांतल्या, एका बाईंनी बायबलातल्या अनुवाद या पुस्तकाचा तेविसावा अध्याय उघडायला सांगितला. खच्ची केलेल्या माणसानं परमेश्वराच्या मंडळीत येऊ नये, असा तिथं स्पष्ट हुकूम आहे. मग यशयाचा छपन्नावा अध्याय: तिथं देव अशाच माणसांना म्हणतो की माझ्या घरात मी तुम्हाला मुलामुलींहून थोर नाव देईन. आणि मग प्रेषितांच्या कृत्यांतला आठवा. कूशी राणीचा खजिनदार, स्वतः षंढ, रथात बसून यशयाच वाचतो आहे. वाटेत पाणी लागतं आणि तो फिलिप्पाला विचारतो, मला बाप्तिस्मा घ्यायला काय अडचण आहे? फिलिप्पाला तेविसावा अध्याय माहीत असणारच. तो पाण्यात उतरतो. त्या बाई इतकंच म्हणाल्या, की शास्त्र स्वतःच स्वतःला पुढं नेतं, आपण त्याच्या मागून चालायचं. कोल्हापूरला महाद्वार रोडवर दुकानापुढं टाळी वाजवत उभे राहणारे तृतीयपंथी मी लहानपणापासून पाहिलेत. आमच्या देवळाच्या, म्हणजे चर्चच्या, पायरीवर त्यांच्यापैकी कुणी आलं असतं तर आम्ही काय केलं असतं, हे त्या दिवशी घरी जाताना डोक्यातून जाईना.

पण मला खरं हलवलं ते बेल्हार मतांगीकारानं. दक्षिण आफ्रिकेतल्या डच रिफॉर्म्ड चर्चच्या सिनॉदनं, म्हणजे धर्मसभेनं, १८५७ साली असा ठराव केला, की 'काहींच्या दुबळेपणामुळं' गोऱ्यांनी आणि काळ्यांनी वेगळी उपासना, वेगळं प्रभुभोजन (भाकर आणि प्याला वाटून घेण्याचा विधी) घेतलं तरी चालेल. शास्त्राप्रमाणे एकत्र घेणं इष्ट, हेही त्याच ठरावात मान्य केलेलं. दुबळे कोण, तर ज्यांना काळ्या माणसाच्या ओठांचा प्याला चालत नव्हता ते. त्या सवलतीतून पुढं वेगळी चर्चं झाली आणि वर्णद्वेषी राजवटीला धर्माचा आधार मिळाला. गोऱ्यांनी ज्यांना वेगळं बसवलं, त्यांच्याच मिशन चर्चनं १९८६ मध्ये बेल्हार मतांगीकार स्वीकारला आणि माणसांना असं वेगळं करणारी शिकवण ख्रिस्ताच्या शुभवर्तमानाविरुद्ध आहे असं जाहीर केलं. अमेरिकेतल्या या चर्चनं तो २०१६ मध्ये आपल्या ग्रंथात घेतला.

हे ऐकताना मला आजी आठवली. आजी सांगायची, तिच्या सासऱ्यांना गावात पाणी मिळायचं ते वरून ओंजळीत ओतून. भांड्याला हात लावायचा नाही. बाप्तिस्म्यानंतर पहिल्यांदा प्रभुभोजनाला बसले आणि प्याला समोर आला, तर त्यांनी सवयीनं ओंजळच पुढं केली. मिशनरी साहेब थांबला, त्यानं ओंजळ सोडवली आणि प्याला त्यांच्या दोन्ही हातांत दिला. त्यांच्यानंतर तोच प्याला शेजारच्याकडं गेला. आजीनं ही गोष्ट आम्हा नातवंडांना इतक्या वेळा सांगितली, की तो प्याला मी स्वतः पाहिला आहे असं वाटतं. मी ती वर्गात सांगितली. बसचालक गृहस्थ काळे होते. ते उठून माझ्याजवळ आले, काही बोलले नाहीत, खांद्यावर हात ठेवून उभे राहिले.

आणि खरं तेही सांगायला हवं. त्याच आमच्या लोकांत लग्न जमवताना 'मूळचे कोण?' हा प्रश्न अजून विचारला जातो. गावकुसाबाहेरच्या एका वाड्यातून आलेले दुसऱ्या वाड्यातून आलेल्यांना मुलगी देताना अडतात. ज्यांना दाराबाहेर ठेवलं गेलं त्यांनीच दार धरून बसावं, हे मला फार लागतं.

सेशनपुढं, म्हणजे पाळक आणि निवडून आलेले वडील यांच्या सभेपुढं, आम्हाला बोलावलं तो प्रसंग साधा होता. कुणी पगार विचारला नाही, लग्नाचा दाखला मागितला नाही. तुम्ही ख्रिस्ताकडं कसे आलात, ते आपल्या शब्दांत सांगा, एवढंच. पुढच्या रविवारी बाप्तिस्म्याच्या कुंडाजवळ उभं करून विचारलं: देवाच्या कृपेवर विसंबून तू पापाकडं पाठ फिरवतेस का? तुझा प्रभू आणि तारणारा कोण? 'येशू ख्रिस्त माझा प्रभू आणि तारणारा आहे' हे उत्तर मी मराठीत दिलं. पाळकबाईंनी आधीच सांगितलं होतं, ज्या भाषेत प्रार्थना करता त्या भाषेत बोला.

त्या रात्री काकांचा फोन. काका गावाकडं मंडळीचे वडील आहेत, माझ्यावर त्यांचा जीव आहे.

"नाव घातलंस म्हणे तिथं?"

"हो काका, घातलं."

"तिथं तसली माणसं पाळक होतात. तुला चालतं?"

"काका, आजीच्या सासऱ्यांना प्याला दिला तेव्हा गावात लोक हेच म्हणाले असतील ना, की तसली माणसं आता देवाच्या पंगतीला बसणार?"

काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "ते वेगळं होतं, बाळ." मी वाद घातला नाही. त्यांना ते वेगळं वाटतं, मला वाटत नाही, आणि आम्ही अजून दर रविवारी फोनवर बोलतो.

इथल्या लोकांनाही हे आयतं मिळालेलं नाही. १९७४ च्या महासभेत डेव्हिड बेली सिंट या पाळकानं हातात पाटी धरली: इथं आणखी कुणी समलिंगी आहे का? १९७८ मध्ये महासभेनं ठरवलं की समलिंगी संबंधात असलेल्या व्यक्तीला पाळकाची किंवा वडिलांची दीक्षा देऊ नये. त्याच वर्षी न्यूयॉर्क शहरातल्या वेस्ट-पार्क मंडळीनं जाहीर केलं की आम्ही हे मानणार नाही. अशा मंडळ्यांना पुढं 'मोअर लाइट' हे नाव पडलं. १६२० मध्ये अमेरिकेला निघालेल्या यात्रेकरूंना त्यांचे पाळक जॉन रॉबिन्सन यांनी निरोप देताना सांगितलं होतं, की प्रभूच्या वचनातून अजून अधिक सत्य आणि प्रकाश फुटायचा आहे. नाव तिथून आलं. आमच्याच रॉचेस्टरमध्ये १९९१ साली डाउनटाउनच्या मंडळीनं जेन स्पाहर यांना पाळकांपैकी एक म्हणून बोलावलं. त्या आपण लेस्बियन असल्याचं उघड सांगायच्या. १९९२ मध्ये चर्चच्या सर्वोच्च न्यायमंडळानं ती नेमणूक रद्द केली. मंडळीनं त्यांना सोडलं नाही, सुवार्तिक म्हणून देशभर फिरायला पाठवलं. नियम बदलायचे प्रयत्न प्रेस्बिटेऱ्यांच्या, म्हणजे मंडळ्यांच्या विभागीय सभांच्या, मतदानात तीनदा पडले. चौथ्यांदा, २०११ मध्ये, दीक्षेवरची बंदी उठली. २०१५ मध्ये विवाहाची व्याख्या दोन व्यक्तींमधली बांधिलकी अशी झाली; पण कुठल्याही पाळकाला त्याच्या विवेकाविरुद्ध लग्न लावायची सक्ती नाही, हेही सोबत लिहिलं गेलं.

याची किंमत मोजावी लागली. अनेक मंडळ्या सोडून गेल्या, २०१२ मध्ये त्यांतल्या काहींनी वेगळा संप्रदाय काढला. १९८३ मध्ये सभासद ३१ लाखांच्या आसपास होते. २०२३ अखेर ११ लाखांच्या आत आले. सगळी घट याच वादामुळं नाही, ती आधीपासूनच चालू होती. पण आमच्या देवळात मागचे बाक रिकामे असतात, आणि म्हाताऱ्या सभासदांना त्या बाकांवर बसणाऱ्यांची नावं पाठ आहेत.

काही वर्षांनी नामांकन समितीनं मला विचारलं, वडील म्हणून उभी राहशील का? माझ्या लहानपणी वडिलांच्या बाकावर सगळे पुरुष असायचे, पांढऱ्या सदऱ्यातले. मी आठवडाभर विचार करायला मागितला आणि हो म्हटलं. मंडळीच्या वार्षिक सभेत निवडणूक झाली. तिथं आयत्या वेळी कुणीही आणखी नाव सुचवू शकतं. मग प्रशिक्षण. हे मला वाटलं त्याहून पुष्कळ कठीण निघालं. नियमग्रंथ, शिस्तीचे नियम, अंदाजपत्रक वाचणं, मुलांच्या सुरक्षेचे नियम, आजाऱ्याला भेटायला गेल्यावर काय बोलू नये, हे सगळं. प्रेस्बिटेरियन मंडळीत बिशप नसतो. देवाची इच्छा एकट्या माणसाला कळली असं कुणी म्हणू नये, म्हणून सभा बसते, चर्चा होते, मत पडतं, आणि पाळकाच्या मताला वडिलांच्या मताहून जास्त वजन नसतं.

प्रशिक्षणात १९९१ चं संक्षिप्त विश्वासकथन होतं. त्यात येशूचं वर्णन करताना तो बहिष्कृतांबरोबर जेवला, असं म्हटलं आहे. पवित्र आत्मा स्त्रियांना आणि पुरुषांना चर्चच्या सगळ्या सेवांसाठी बोलावतो, असंही. मी ते मराठीत उतरवून काकांना पाठवलं.

मग सेशननं परीक्षा घेतली. व्यक्तिगत विश्वास, सिद्धांत, कारभार, वडिलांची कर्तव्यं, अशी ती रीतच आहे. सगळ्यांत अवघड प्रश्न एका वयस्क वडिलांनी विचारला. २०११ मध्ये ते बदलाच्या विरोधात होते, तरी मंडळी सोडून गेले नाहीत. ते म्हणाले, "माझ्यासारख्या माणसाला तुमच्या या सर्वसमावेशक मंडळीत जागा आहे का?" मी म्हटलं, आहे, कारण तुमचाही बाप्तिस्मा झालेला आहे. पण तुमच्यासाठी जागा करायची म्हणून आमच्या पाळकबाईंना किंवा त्या दोन बापांच्या मुलाला उठवता येणार नाही. त्यांनी मान हलवली आणि माझ्या बाजूनं हात वर केला. या माणसाबद्दल मला जो आदर वाटतो तो शब्दांत सांगता येत नाही. स्वतःच्या मताविरुद्ध गेलेल्या घरात राहून तिथली भांडी घासत राहणं सोपं नसतं.

दीक्षाविधीत नऊ प्रश्न असतात. ख्रिस्तावर श्रद्धा, शास्त्राचा अधिकार, मतांगीकारांचं मार्गदर्शन, चर्चची शिस्त, सहकाऱ्यांशी मैत्र. एका प्रश्नात विचारतात, की लोकांची सेवा तू जोमानं, बुद्धीनं, कल्पकतेनं आणि प्रेमानं करशील का? चर्चनं माझ्याकडं आज्ञाधारकपणा अनेकदा मागितला होता. बुद्धी आणि कल्पकता पहिल्यांदाच मागितली. मग मी गुडघे टेकले आणि पूर्वी दीक्षा मिळालेले सगळे वडील आणि पाळक पुढं आले, डोक्यावर, खांद्यांवर, पाठीवर हात ठेवले. त्यात बसचालकाचा हात होता, पाळकबाईंचा होता, त्या वयस्क वडिलांचा होता. आई फोनच्या पडद्यावरून बघत होती. नंतर तिनं विचारलं, "एवढ्या सगळ्यांनी हात ठेवले?" आणि रडली.

वडीलपणाचं बहुतेक काम गाजावाजाचं नाही. छताची गळती, अन्नवाटपाच्या खोलीतला फ्रीज, कुणाला दवाखान्यात न्यायचं, प्रभुभोजनाची भाकर कुणी भाजायची. पण मंडळीची प्रतिनिधी म्हणून मला प्रेस्बिटेरीच्या सभेलाही पाठवलं. २०२४ मध्ये सॉल्ट लेक सिटीच्या महासभेनं एक दुरुस्ती मतदानासाठी खाली पाठवली होती. कोणत्या कारणावरून भेदभाव करायचा नाही याची यादी नियमग्रंथात आहेच: वंश, वय, लिंग, अपंगत्व, धर्मसिद्धांतातली मतं वगैरे. त्यात लैंगिक कल आणि लिंगभावाची ओळख हे शब्द घालायचे की नाही, असा प्रश्न. एक जण बाजूनं, एक जण विरुद्ध, असं आळीपाळीनं माइकपाशी येत होतं. विरोधात बोलणाऱ्या एका पाळकांनी विचारलं, की यादी किती लांबवणार? नियमात 'सगळे' असं आहेच.

मी माइकपाशी गेले. सांगितलं, की माझ्या पणजोबांच्या गावातही विहीर सगळ्यांची म्हणूनच होती. त्या 'सगळे'मध्ये ते धरले जात नाहीत, हे सगळ्यांना माहीत होतं. म्हणून नाव घेऊन लिहावं लागतं. वेळ संपल्याची घंटा झाली, मी जागेवर जाऊन बसले आणि मतदान सुरू झालं. ती दुरुस्ती पुढं देशभरच्या प्रेस्बिटेऱ्यांच्या बहुमतानं मंजूर झाली.

दाखला गावाहून अजून आलेला नाही. मी अर्ज मागे घेतलेला नाही. दर वर्षी पुनरुत्थानाच्या सणाच्या शुभेच्छांसोबत कमिटीला आठवण पाठवते, आणि काका म्हणतात की पुढच्या बैठकीत ते स्वतः विषय काढणार आहेत.